कॉलेजातली वर्षं आणि नागरिकपण

म्हैसूर शहराच्या वायव्येला विजयनगर ही मोठी वसाहत आहे. चार टप्प्यांत वाढलेली, आखीव रस्त्यांची. म्हैसूर विद्यापीठाचं मानसगंगोत्री हे आवार इथून जवळ आहे. पलीकडे हेब्बाळच्या औद्योगिक पट्ट्यात इन्फोसिसचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि खुद्द विजयनगरात मुलींचं सरकारी फर्स्ट ग्रेड कॉलेज आहे. त्यामुळे या एका भागात तीन प्रकारचे तरुण रोज दिसतात. विद्यापीठाच्या वसतिगृहात राहून पदव्युत्तर शिक्षण घेणारे, आसपासच्या गावांतून बसने येणाऱ्या आणि घरात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुली, आणि पुणे, नागपूर, सांगलीकडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून पदवी हातात पडताच प्रशिक्षणासाठी आलेली मराठी मुलंमुली.

या तिघांच्याही कॉलेजांनी आपल्या माहितीपुस्तिकेत एक वाक्य नक्की छापलेलं असतं, ‘जबाबदार नागरिक घडवणं हे आमचं ध्येय आहे’. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार देशात ४ कोटी ३३ लाख विद्यार्थी महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत शिकत होते. इतक्या तरुणांच्या आयुष्यातली तीन-चार वर्षं ज्या ध्येयासाठी मागितली जातात, ते साधतं का आणि साधत असेल तर कशामुळे, हे तपासून पाहायला हवं.

नागरी मूल्यं म्हणजे काय, हे आधी ठरवू. परक्या माणसाला आपल्या बरोबरीचा मानणं, मतभेद हाणामारीविना निभावणं, सार्वजनिक गोष्ट आपली समजणं, सत्तेला प्रश्न विचारणं आणि ज्यांच्याशी आपलं नातं नाही त्यांच्यासाठी वेळ काढणं, एवढा अर्थ इथे धरला आहे. या विषयावरचं जगभरचं संशोधन आणि महाराष्ट्र-कर्नाटकाचा इतिहास शेजारी ठेवून वाचला की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कॉलेजच्या शिकवणुकीपेक्षा कॉलेजच्या वागणुकीचा ठसा खोल उमटतो. जिथे वेगळ्या घरांतली मुलं बरोबरीने एकत्र राहतात, जिथे त्यांच्यावर खऱ्या कामाची जबाबदारी पडते आणि जिथे त्यांच्या शब्दाला निर्णयात किंमत असते, तिथे मूल्यं रुजतात.

नऊ दशकांचा अभ्यास

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात बेनिंग्टन हे मुलींचं कॉलेज १९३२ साली सुरू झालं. तिथे थिओडोर न्यूकम हे मानसशास्त्रज्ञ शिकवत होते. विद्यार्थिनी बहुतेक सधन, रिपब्लिकन पक्षाला मानणाऱ्या घरांतल्या होत्या, तर प्राध्यापक तरुण आणि रूझवेल्ट यांच्या धोरणांकडे झुकलेले. १९३६ च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या वेळी न्यूकम यांनी मुलींचा कौल घेतला. पहिल्या वर्षाच्या ६२ टक्के मुली रिपब्लिकन उमेदवार लँडन यांच्या बाजूच्या निघाल्या. दुसऱ्या वर्षाला हे प्रमाण ४३ टक्के होतं आणि वरच्या वर्गांत १५ टक्के. ज्या मुलींना कॉलेजच्या समूहात स्थान हवं होतं त्या बदलल्या, ज्यांचं मन घराच्या वर्तुळातच राहिलं त्या फारशा बदलल्या नाहीत, असा न्यूकम यांचा निष्कर्ष होता. पुढे १९६० च्या दशकात आणि नंतर १९८४ साली याच स्त्रियांना पुन्हा भेटून विचारलं गेलं. बहुतेकींचा कॉलेजात बनलेला कल उतारवयापर्यंत टिकला होता. पुढच्या आयुष्यातले मित्र आणि जोडीदारही त्याच विचारांचे मिळाले, हे त्यामागचं मोठं कारण होतं.

मात्र सगळीकडे असं घडत नाही. १९५७ साली फिलिप जेकब यांनी अमेरिकी महाविद्यालयांवरच्या अनेक अभ्यासांचा धांडोळा घेतला आणि विद्यार्थ्यांच्या मूळ मूल्यांवर कॉलेजचा परिणाम फारच थोडा होतो, असं ठामपणे मांडलं. अपवाद त्यांनाही सापडले. ज्या मोजक्या कॉलेजांचं स्वतःचं असं वेगळं वातावरण होतं, तिथे मुलं खरोखर बदलत होती.

पुढे केनेथ फेल्डमन आणि न्यूकम यांनी १९६९ साली, तर अर्नेस्ट पास्करेला आणि पॅट्रिक टेरेन्झिनी यांनी १९९१ आणि २००५ साली या विषयावरच्या संशोधनाचे भलेमोठे आढावे लिहिले. त्यांतून निघालेली सर्वांत उपयोगी गोष्ट अशी की, एक कॉलेज आणि दुसरं कॉलेज यांच्यातला फरक लहान असतो. त्याहून मोठा फरक एकाच कॉलेजात, कोण कशात भाग घेतं यामुळे पडतो. अलेक्झांडर अ‍ॅस्टिन यांनी १९९३ च्या ग्रंथात तर सोबतच्या विद्यार्थ्यांचा समूह हाच सर्वांत प्रभावी घटक असल्याचं दाखवलं. पालक कॉलेजचं नाव पाहून प्रवेश घेतात. मूल तिथे कोणाबरोबर आणि कशात वेळ घालवणार आहे, याची चौकशी क्वचितच होते.

एक शंका या सगळ्या अभ्यासांना चिकटलेली असते. शिबिरांना जाणारी मुलं आधीपासूनच तशा वृत्तीची असतील, तर शिबिराने काय केलं? या शंकेला सर्वांत चांगलं उत्तर समाजशास्त्रज्ञ डग मॅकअ‍ॅडम यांनी १९८८ साली दिलं. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी उत्तरेकडचे शेकडो विद्यार्थी गेले होते. त्यांचे जुने अर्ज मॅकअ‍ॅडम यांना मिळाले. निवड होऊनही ऐनवेळी न गेलेले आणि प्रत्यक्ष गेलेले, असे दोन गट त्यांनी ताडून पाहिले. सुरुवातीला दोघांची वृत्ती बरीचशी सारखी होती. वीस वर्षांनंतर मात्र गेलेले विद्यार्थी सार्वजनिक कामात कितीतरी अधिक गुंतलेले दिसले. अनुभवाने माणूस बदलतो, आणि त्या अनुभवात जोडलेली माणसं तो बदल टिकवून धरतात.

भारतात मोजमाप बदलावं लागतं

पाश्चात्य देशांत शिक्षण वाढलं की मतदान वाढतं, असं सर्वसाधारणपणे मानलं जातं आणि म्हणून मतदान हीच नागरिकत्वाची खूण धरली जाते. भारतात हा हिशेब जुळत नाही. १९९० च्या दशकातल्या निवडणुकांच्या अभ्यासातून योगेंद्र यादव यांनी दाखवून दिलं की दलित, मागास आणि गरीब मतदार वरच्या वर्गाच्या बरोबरीने, काही वेळा जास्तही, मतदान करतात. अमित आहुजा आणि प्रदीप छिब्बर यांनी २०१२ साली गरीब माणूस मतदान का करतो, याचाच शोध घेतला. मतदानाच्या दिवशी आपल्याला समान वागणूक मिळते, ही भावना त्यांना महत्त्वाची आढळली. त्यामुळे पदवीधराने लोकशाही अशिक्षिताला शिकवायची, ही कल्पना आपल्याकडे मुळातच चुकीची ठरते. भारतातल्या कॉलेजचं मोजमाप दुसरंच हवं. पदवीधर झालेला माणूस आपल्याहून कमी शिकलेल्या माणसाला बरोबरीने वागवतो का, हा खरा प्रश्न आहे.

दुसरा फरक राहण्याचा आहे. परदेशातलं बरंचसं संशोधन आवारातच राहणाऱ्या विद्यार्थ्यांवर झालं आहे. आपल्याकडचा बहुसंख्य विद्यार्थी सकाळी बसने येतो आणि दुपारी परत जातो. विजयनगरच्या सरकारी कॉलेजातली गावाकडून येणारी मुलगी असो की सोलापूर जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजातला मुलगा, तास संपले की घरची कामं वाट पाहत असतात. जून २०२३ पासून कर्नाटकात ‘शक्ती’ योजनेमुळे महिलांचा राज्य परिवहनाच्या साध्या बसचा प्रवास मोफत झाला. मुलींना कॉलेज गाठणं त्यामुळे सोपं झालं. पण कॉलेजात थांबणं, मैत्रिणींबरोबर वाद घालणं, कार्यक्रम उभा करणं हे त्यांच्या वाट्याला अजून कमीच येतं.

तिसरा फरक विषयांचा. अमेरिकेतल्या सनशाइन हिलिगस यांना २००५ साली असं आढळलं की सामाजिक शास्त्रांचा अभ्यास केलेले पदवीधर पुढे राजकीय जीवनात अधिक सहभागी होतात. महाराष्ट्र आणि कर्नाटक ही दोन्ही राज्यं अभियांत्रिकी शिक्षणात आघाडीवर आहेत. तिथली चार वर्षं समाजाविषयीचा एकही गंभीर ग्रंथ न वाचता पार पडू शकतात. म्हैसूरला येणारे आपले मराठी अभियंते हुशारीत कुठेही कमी नाहीत. त्यांच्या अभ्यासक्रमाने समाज ही गोष्ट त्यांच्यासमोर ठेवलेलीच नसते.

शेजारी कोण बसतं

नागरिकत्वाचा पहिला धडा वर्गात शेजारी कोण बसतं इथून सुरू होतो, हे कोल्हापूर आणि म्हैसूर या दोन संस्थानांनी फार लवकर ओळखलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांमध्ये मागासवर्गीयांसाठी पन्नास टक्के जागा राखल्या. म्हैसूरमध्ये कृष्णराज वाडियार यांच्या काळात १९१६ साली विद्यापीठ स्थापन झालं आणि १९१८ साली मागास समाजांच्या प्रतिनिधित्वासाठी लेस्ली मिलर समिती नेमली गेली. त्या प्रश्नावरून मतभेद होऊन दिवाण विश्वेश्वरय्या यांनी पद सोडलं. शिक्षणाच्या आणि नोकरीच्या दारात कोण उभं राहू शकतं, हा प्रश्न दोन्हीकडे राज्यकारभाराच्या केंद्रस्थानी होता.

शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात मराठा, जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहं उभी केली. सर्वांसाठीचं एकच वसतिगृह आधी करून पाहिलं होतं, पण त्याचा लाभ एकाच वर्गाला मिळत होता. म्हणून आधी प्रत्येक समाजाला दार उघडून देणं त्यांना गरजेचं वाटलं. त्यांच्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढचं पाऊल टाकलं. भाऊराव जैन बोर्डिंगमध्ये राहत होते. अस्पृश्य मुलांच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला जाऊन आल्यावर आंघोळ करायला नकार दिला म्हणून त्यांना तिथून बाहेर पडावं लागलं, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचं एकत्र वसतिगृह सुरू केलं. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव मिळालं. मुलं एकत्र राहत, एकत्र राबत, एकाच पंगतीत जेवत. १९४७ साली साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा व शिका’ योजनेतून हाच विचार उच्च शिक्षणात आला.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ साली पूर्वग्रहांवरच्या ग्रंथात जे सूत्र मांडलं, ते साताऱ्यात तीस वर्षं आधी चालू होतं. वेगळे गट एकत्र आले की पूर्वग्रह आपोआप कमी होत नाहीत. त्यासाठी दर्जा समान हवा, उद्दिष्ट एक हवं, एकमेकांच्या मदतीशिवाय काम अडायला हवं आणि संस्थेने या सगळ्यामागे ठाम उभं राहायला हवं. अलीकडच्या भारतीय संशोधनाने याला भक्कम पुरावा दिला आहे. दिल्लीच्या महागड्या खासगी शाळांना गरीब मुलांना प्रवेश देणं बंधनकारक झाल्यावर काय घडलं, हे गौतम राव यांनी तपासलं. गरीब वर्गमित्र लाभलेली श्रीमंत मुलं अधिक उदार झाली, गरिबांशी भेदभाव कमी करू लागली, आणि त्यांच्या गुणांवर फारसा परिणाम झाला नाही. मॅट लो यांनी उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींच्या हजाराहून अधिक तरुणांच्या क्रिकेट लीग भरवल्या. एकाच संघात खेळल्यावर परजातीतल्या मैत्र्या वाढल्या. समोरासमोरच्या संघांत खेळल्याने मात्र दुरावा उलट वाढल्याचं दिसलं. हे दोन्ही अभ्यास कॉलेजांचे नाहीत, पण कॉलेजांनी घ्यावा असा धडा त्यांत आहे.

हा धडा न घेतल्याची किंमत म्हैसूरने आणि मराठवाड्याने मोजली आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये देवराज अर्स यांच्या मंत्रिमंडळातले दलित मंत्री बी. बसवलिंगप्पा यांनी म्हैसूरमधल्या भाषणात बरंचसं कन्नड साहित्य ‘बूसा’ म्हणजे भुसा असल्याचं म्हटलं. त्यावरून म्हैसूर-बंगळूरच्या कॉलेजांत सवर्ण विद्यार्थ्यांचे जमाव रस्त्यावर आले आणि दलित विद्यार्थ्यांवर हल्ले झाले. बसवलिंगप्पांना मंत्रिपद सोडावं लागलं. त्या आघातातून जागे झालेले तरुण पुढे दलित संघर्ष समितीत एकवटले. महाराष्ट्रात १९७२ साली दलित पँथर उभी राहिलेलीच होती. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात दलितांची घरं जळाली. त्या विरोधातही विद्यार्थी होते आणि नामांतरासाठी लाठ्या खाणाऱ्यांतही विद्यार्थीच होते. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला. वर्षानुवर्षं एकाच विद्यापीठात शिकलेले तरुण परस्परांविरुद्ध उभे राहिले, कारण एका छताखाली असूनही त्यांचा दर्जा कधी समान झाला नव्हता.

याच मराठवाड्यात दर्जा मिळवून देणारं कॉलेजही होतं. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली औरंगाबादला सुरू केलेल्या मिलिंद महाविद्यालयाने खेड्यांतल्या पहिल्या पिढीच्या मुलांना वसतिगृह दिलं आणि जवळून लक्ष देणारे प्राचार्य म. भि. चिटणीस यांच्यासारखे शिक्षक दिले. गंगाधर पानतावणे तिथेच शिकवत होते. त्यांचं ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक औरंगाबादेतूनच निघत राहिलं. मिलिंदचे एक विद्यार्थी सुखदेव थोरात पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. दिल्लीच्या एम्समधल्या जातिभेदाची चौकशी करणाऱ्या समितीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे होतं आणि २०२३ साली कर्नाटक सरकारने राज्य शिक्षण धोरण आयोगाची धुराही त्यांच्याकडेच सोपवली. मराठवाड्यातल्या एका कॉलेजात घडलेली दृष्टी आज म्हैसूर-विजयनगरच्या कॉलेजांचं धोरण ठरवण्यापर्यंत पोचली आहे.

सक्तीचा पेपर आणि सात दिवसांचं शिबिर

मूल्यं रुजवण्याचा सरकारचा आवडता मार्ग म्हणजे सक्तीचा विषय. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर पर्यावरण शिक्षण सक्तीचं करण्याचे निर्देश दिले आणि पुढे पदवीला सगळ्यांसाठी पर्यावरणाचा पेपर आला. भारतीय संविधानाचा पेपरही कर्नाटकात अनेक अभ्यासक्रमांना असतो. या विषयांची गरज वादातीत आहे. पण गाईडमधून पाठ करून पास होण्यापुरताच तो पेपर उरला, तर संविधान ही परीक्षेआधीच्या रात्री उरकायची गोष्ट आहे, एवढंच विद्यार्थी शिकतो.

याच्या दुसऱ्या टोकाला राष्ट्रीय सेवा योजना आहे. २४ सप्टेंबर १९६९ रोजी तत्कालीन शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ती ३७ विद्यापीठांत, ४० हजार विद्यार्थ्यांनिशी सुरू केली. दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं विशेष शिबिर, हा तिचा सांगाडा. महाराष्ट्रात कॉलेजात शिकलेल्या कुणालाही ‘विशेष श्रमसंस्कार शिबिर’ हे शब्द ओळखीचे असतात. पहाटेची प्रभातफेरी, दुपारपर्यंत श्रमदान, वनराई बंधारा नाहीतर शोषखड्डे, मग बौद्धिक, संध्याकाळी गटचर्चा आणि रात्री गावकऱ्यांसमोर पथनाट्य.

या शिबिराची खरी ताकद बंधाऱ्यात नाही. बसने ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याच्या साऱ्या कॉलेज-आयुष्यात एकत्र राहण्याचे बहुधा हेच सात दिवस असतात. भाजी कोण चिरणार, भांडी कोण घासणार, पाणी कोण आणणार, कुणाच्या शेजारी कुणाची सतरंजी, हे त्या सात दिवसांत मुलांना स्वतः ठरवावं लागतं. मुलगे पोळ्या लाटायला बसतात आणि मुली कुदळ हातात घेतात. घरून परवानगी मिळवण्यासाठी मुलीला जे पटवून सांगावं लागतं, तेही नागरिकत्वाचंच शिक्षण आहे. ऑलपोर्टच्या चारही अटी इथे एकदम पूर्ण होऊ शकतात. म्हणून कार्यक्रम अधिकाऱ्याने जेवणाचे आणि झोपण्याचे गट ओळखीपाळखीने पडू दिले, तर शिबिराचं निम्मं मोल तिथेच हातचं जातं.

या बाबतीत दोन निष्कर्ष लक्षात ठेवायला हवेत. आर्थर स्टुकास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली दाखवलं की सेवा सक्तीची आहे असं ज्या विद्यार्थ्यांना जाणवतं, त्यांची पुढे स्वेच्छेने काम करण्याची इच्छा घटते. सवलतीच्या गुणांसाठी नाव नोंदवणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका आपल्याकडेही आहे. त्याच वर्षी जॅनेट आयलर आणि ड्वाइट जाइल्स यांनी मांडलं की सेवेइतकंच महत्त्व सेवेवरच्या विचाराला आहे. गावात शौचालयं असून वापरात का नाहीत, गावाचा पाणवठा वस्तीपासून लांब का, ग्रामसभेला बायका का येत नाहीत, हे प्रश्न परत आल्यावर वर्गात चर्चेला आले, तरच श्रमदानाचं रूपांतर समजुतीत होतं. आपल्याकडे शिबिर संपलं की अहवाल लिहिला जातो, फोटो चिकटवले जातात आणि चर्चा राहून जाते.

फाटकाच्या आत मत नाही

१९४७ च्या सप्टेंबरमध्ये, देश स्वतंत्र होऊन महिना झाला असताना, म्हैसूर संस्थानात जबाबदार राज्यपद्धतीसाठी ‘म्हैसूर चलो’ आंदोलन पेटलं. त्यात गोळीबारात मारल्या गेलेल्या रामस्वामी या विद्यार्थ्याच्या नावाचा चौक म्हैसूरमध्ये आजही आहे. त्याच्या आदल्या वर्षी डॉ. आंबेडकरांनी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं होतं आणि तिथे विद्यार्थ्यांची संसद चालत असे. संविधानाच्या शिल्पकाराने आपल्या कॉलेजात मुलांना संसदीय वादविवादाचा सराव करायला लावावा, यातून त्यांची कॉलेजविषयीची कल्पना स्पष्ट होते.

पुढे चित्र पालटलं. विद्यार्थी निवडणुकांत पैसा आणि गुंडगिरी शिरली. १९८९ साली मुंबईत अशा निवडणुकीतून एका उमेदवाराचा खून झाला. महाराष्ट्राच्या १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने निवडणुका बंद करून गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. कर्नाटकातही १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून त्या बंद आहेत. २००६ साली माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या समितीने सुधारित चौकट दिली. उमेदवाराला वयाची मर्यादा, ७५ टक्के हजेरीची अट आणि खर्चाला ५ हजार रुपयांचा चाप होता. सर्वोच्च न्यायालयाने ती लागू करण्याचे आदेशही दिले. महाराष्ट्राच्या २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात निवडणुका परत आल्या. २०१९ साली गोष्ट वेळापत्रकापर्यंत पोचली, पण विधानसभेच्या निवडणुकीमुळे ती लांबली आणि पाठोपाठ कोविड आला.

१९८९ मध्ये ६१ व्या घटनादुरुस्तीने मतदानाचं वय २१ वरून १८ झालं. म्हणजे ज्या सुमारास देशाने अठरा वर्षांच्या तरुणावर विश्वास टाकला, त्याच सुमारास या दोन राज्यांच्या कॉलेजांनी तो काढून घेतला. लोकसभेचा खासदार निवडायला पात्र असलेली मुलगी आपल्या कॉलेजच्या वाचनालयाची वेळ ठरवण्यात सहभागी होऊ शकत नाही. हिंसेची भीती खरी होती. त्यावर उपाय म्हणून निवडणुकाच बंद केल्याने हिंसा न करता निवडणूक कशी लढवावी, हरल्यावर कसं वागावं आणि जिंकल्यावर विरोधकाला कसं सोबत घ्यावं, हे शिकण्याची जागाच संपली. पक्षांच्या विद्यार्थी संघटना राहिल्या आणि मोर्चेही निघत राहिले. मधला रोजच्या कारभाराचा धडा तेवढा गेला.

शिबिरातून संस्थेकडे

औपचारिक वाटा बंद असतानाही काही विद्यार्थ्यांनी आपल्या वाटा काढल्या. १९६७ साली पुण्यात वैद्यकीय विद्यार्थी असलेल्या कुमार सप्तर्षींनी युवक क्रांती दल उभारलं. बाबा आमटे यांच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथ प्रकल्पात दर उन्हाळ्यात श्रमसंस्कार छावणी भरू लागली आणि महाराष्ट्रभरच्या कॉलेजांतली मुलं तिथे जाऊन आली. १९८५ च्या डिसेंबरात बाबांनी कन्याकुमारीहून ‘भारत जोडो’ सायकल यात्रा काढली, तेव्हा तीत शंभराहून अधिक तरुण होते. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत २००६ साली सुरू केलेला ‘निर्माण’ हा उपक्रम तर याच प्रश्नाचं पद्धतशीर उत्तर आहे. त्यांच्या शोधग्राम या आवारातली शिबिरं, मग क्षेत्रातलं काम, आणि ‘कर के देखो’सारखी शिष्यवृत्ती. अनुभव, विचार आणि पुन्हा अनुभव अशी त्याची रचना आहे.

म्हैसूरचं उदाहरण याच तोडीचं आहे. १९८४ साली म्हैसूर मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या आर. बालसुब्रह्मण्यम यांनी काही मित्रांसोबत स्वामी विवेकानंद यूथ मूव्हमेंट ही संस्था सुरू केली. जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात कबिनी धरण आणि अभयारण्यांमुळे जंगलाबाहेर पडावं लागलेले जेनु कुरुब, काडु कुरुब हे आदिवासी राहत होते. या वैद्यकीय विद्यार्थ्यांनी तिथे दवाखाना थाटला. त्यातून केंचनहळ्ळी आणि सरगूरची रुग्णालयं आणि होसहळ्ळीची आदिवासी मुलांची शाळा उभी राहिली.

या सर्व प्रयत्नांत तीन गोष्टी समान आहेत. विद्यार्थी ज्या समाजात जन्मला त्याच्या बाहेर त्याला जावं लागलं. तिथे त्याच्या हातात खरं काम आलं, ज्याच्या यशापयशाचा परिणाम दुसऱ्याच्या आयुष्यावर होणार होता. आणि परत आल्यावर त्याच अनुभवातून गेलेले सोबती त्याला मिळाले. मिसिसिपीला गेलेल्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत मॅकअ‍ॅडम यांना हेच दिसलं होतं. मात्र हे भाग्य मूठभरांना लाभतं. चार कोटी विद्यार्थ्यांसाठी हे घडवायचं तर ते कॉलेजनेच घडवायला हवं.

आता काय मागायचं

महाविद्यालयांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद बंगळूरला १९९४ पासून काम करते आहे. विस्तार कार्य हा तिच्या मूल्यमापनाचा भाग आहे. पण कॉलेजं तिथे किती कार्यक्रम झाले आणि किती विद्यार्थी हजर होते, याचीच संख्या भरतात. वर मांडलेलं संशोधन पाहता वेगळी माहिती मागायला हवी. वसतिगृहाच्या खोल्या, प्रयोगशाळेचे गट आणि शिबिराचे गट वेगवेगळ्या सामाजिक थरांतल्या मुलांचे मुद्दाम केले जातात का? गावात किंवा वस्तीत केलेल्या कामावर परतल्यानंतर किती तास चर्चा झाली, आणि ती कोणत्या विषयाच्या प्राध्यापकांनी घेतली? कॉलेजचे कोणते निर्णय गेल्या वर्षी विद्यार्थ्यांच्या मताने झाले? अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना हे प्रश्न सर्वांत आधी विचारले पाहिजेत.

राज्य सरकारांनी विद्यार्थी परिषदांच्या निवडणुका आता घ्याव्यात. लिंगडोह समितीची चौकट तयार आहे, महाराष्ट्रात कायदाही तयार आहे. पहिली काही वर्षं वर्गप्रतिनिधीपासून सुरुवात केली तरी चालेल.

घरापासून दूर शिकणाऱ्या तरुणांनाही करण्यासारखं आहे. अठरा पूर्ण झालेल्या विद्यार्थ्याला, तो जिथे शिकण्यासाठी राहतो त्या पत्त्यावर मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, आणि २०२२ पासून नोंदणीसाठी वर्षात चार पात्रता तारखा आहेत. म्हैसूरमध्ये शिकायला आलेल्या मराठी मुलाने इथे नाव नोंदवलं, इथल्या पाण्याचा आणि कचऱ्याचा प्रश्न समजून घेतला, चार वाक्यं कन्नडमधून बोलायला शिकला, तर साने गुरुजींच्या आंतरभारतीच्या स्वप्नाला त्याने आपला वाटा दिला. भाषेची भीती बाळगून स्वतःच्याच टोळक्यात राहणारा तरुण आणि दुसऱ्या राज्यात शेजारी म्हणून मिसळणारा तरुण, यांच्या पदवीत फरक नसतो. त्यांच्या नागरिकत्वात मोठा फरक पडतो.

शेवटी पालकांविषयी. जून-जुलैत प्रवेशाच्या रांगेत उभं राहताना आपण शुल्क विचारतो, निकाल विचारतो, नोकऱ्या किती लागल्या ते विचारतो. वर दिलेले तीन प्रश्नही त्याच टेबलावर, त्याच ठामपणाने विचारावेत. ज्या कॉलेजला त्यांची उत्तरं देता येणार नाहीत, त्याने माहितीपुस्तिकेतलं ‘जबाबदार नागरिक’ हे वाक्य उत्तरं सापडेपर्यंत छापू नये.